मॅच रंगात आली की चकरी का फिरते? घरच्या वायफायचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी वायफायबद्दल विचारा म्हटलं आणि पत्रांचा ढीग लागला. त्यातली निम्मी एकाच तक्रारीची, लाइव्ह टीव्ही अडकतो. म्हणून यावेळी फक्त तेवढाच विषय घेतलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच टाकली नाहीत.

प्रश्न : ताई, आमचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. पिक्चर, सिरीज सगळं मस्त चालतं, कधी अडकत नाही. पण लाइव्ह मॅच लावली की दर पाच-सात मिनिटांनी गोल चकरी, ती पण नेमकी मोक्याच्या क्षणी! राउटर पुढच्या खोलीत दाराजवळच्या कपाटात आहे कारण वायर तिथूनच आत आलीये, आणि टीव्ही मागच्या खोलीत. मुलगा म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. आहेत त्या १०० पैकी टीव्हीपर्यंत किती पोचतायत ते तरी आधी बघा ना, कारण कपाटात कोंडलेल्या राउटरला १०० द्या नाहीतर ३०० द्या, मागच्या खोलीत जे गळून गळून पोचायचं तेवढंच पोचणार.

आता पिक्चर चालतो तर मॅच का नाही, हे एकदा नीट सांगते. पिक्चर म्हणजे तयार फाइल, ती तिकडे सर्व्हरवर आख्खी पडलेली असते, त्यामुळे तुम्ही पाचवं मिनिट बघत असताना अॅपने पुढची काही मिनिटं गुपचूप ओढून ठेवलेली असतात. मध्येच वायफाय वीस सेकंद झोपलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. मॅचचं पुढचं मिनिट अजून घडलेलंच नाहीये तर ओढणार काय? लाइव्ह व्हिडिओ काही सेकंदांच्या छोट्या छोट्या तुकड्यांत येतो. अॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस नावाची पद्धत यात खूप वापरली जाते, तिच्यात तुकडा साधारण ६ सेकंदांचा ठेवा असं सांगितलंय आणि प्लेअर तीनेक तुकडे हाताशी ठेवून सुरू होतो. म्हणजे तुमची शिल्लक किती, तर १८ सेकंद. ती संपली की चकरी. सिग्नल हळूहळू घसरला तर अॅप चित्र जरा धूसर करून निभावून नेतं, पण अचानक आठ-दहा सेकंद काहीच आलं नाही, मग परत आलं, मग परत गेलं, असं चाललं तर त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून लाइव्हला वेग फार लागत नाही, अखंडपणा लागतो. नेटफ्लिक्सवाले फुल एचडीला ५ आणि फोरकेला १५ एमबीपीएस पुरे म्हणतात. खेळात सगळं सारखं हलत असतं म्हणून थोडं जास्त धरलं तरी २५ मध्ये एक टीव्ही आरामात बसतो. तुमच्याकडे त्याच्या चौपट आहे.

मग गडबड कुठे आहे ते शोधायचं. रस्त्याचे तीन टप्पे आहेत, कंपनीपासून राउटरपर्यंत, राउटरपासून टीव्हीपर्यंत हवेतून, आणि तिसरा टीव्ही स्वतः. लॅपटॉप लॅन केबलने (राउटरच्या मागे लागते ती नेटवर्कची वायर) थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग मोबाईल टीव्हीच्या अगदी बाजूला धरून तीच टेस्ट तीन-चार वेळा करा, आणि हो, हे मॅचच्या वेळेला करा, सकाळी सगळे बाहेर गेल्यावर करून उपयोग नाही. केबलवर ९५ आणि टीव्हीजवळ कधी ४०, कधी ६, कधी २२ असं नाचत असेल तर चोर सापडला, हवा. केबलवरच १२ येत असतील तर कंपनीला फोन लावा आणि घरातलं काही हलवू नका.

याहून पक्की परीक्षा पिंगची आहे आणि ती कुणीच करत नाही. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लॅपटॉप टीव्हीजवळ वायफायवर ठेवा, कमांडची काळी खिडकी उघडा आणि राउटरच्या पत्त्याला पिंग लावून (ping, जागा, मग पत्ता असं लिहून) पाच मिनिटं सोडून द्या. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. विंडोजमध्ये पिंग चारदाच होऊन थांबतं, सतत चालवायला पुढे जागा सोडून डॅश आणि टी टाका. उत्तरं २, ३, ५ मिलिसेकंदांत येत राहिली तर वायफाय धडधाकट. मधूनच ३००, ४००, मग टाईम आउट असं दिसलं तर लक्षात घ्या, हे सगळं तुमच्या घरातल्या घरात होतंय, कंपनीचा त्यात काही संबंध नाही. कितीतरी जण उगाच कस्टमर केअरशी भांडत बसतात, मी पण बसलेय. माझा राउटर दोन वर्षं एका मोठ्या आरशामागे होता, दिसायला नको म्हणून. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो सिग्नल अडवतो, हे मला माहीत असूनही डोक्यात आलं नाही, आणि शिव्या मात्र कंपनीला.

तर पहिलं काम, राउटर कपाटातून बाहेर. उघड्यावर, छातीच्या वर उंचीवर आणि जमेल तितका घराच्या मध्याकडे. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, मासे ठेवायची पाण्याची टाकी, सळ्यांची काँक्रीटची भिंत, हे सगळे सिग्नल खाणारे. साधी विटांची भिंत त्या मानाने बरी. वायर दाराशी संपते म्हणून राउटर तिथेच ठेवायला पाहिजे असं काही नाही. फायबरचा डबा आहे तिथे राहू दे (ती बारीक फायबर स्वतः ओढू-वाकवू नका, मोडते) आणि त्याच्यापासून मधल्या खोलीपर्यंत लॅन केबल न्या, १०० मीटरपर्यंत ती काही कुरकुर करत नाही. डब्यातच वायफाय असेल तर मधल्या खोलीत दुसरा राउटर लागेल, तो कसा जोडायचा ते पुढे एका उत्तरात आहे.

राउटरला बाहेर अँटेना असतील तर उभ्या ठेवा. सिग्नल अँटेनाच्या टोकातून निघत नाही, तिच्या भोवती आडवा पसरतो, मधे भोक असलेल्या कड्यासारखा. टीव्हीकडे बंदुकीसारखी रोखून धरली तर उलट टीव्हीच्या वाट्याला ते भोक येतं.

मग फोनवर सिग्नल मोजणारं एखादं अॅप टाका, ते डीबीएममध्ये आकडा दाखवतं, उणे चिन्हाचा. उणे ५० म्हणजे झकास, व्हिडिओला उणे ६७ पर्यंत चालून जातं, उणे ७५ च्या खाली गेलं की लाइव्हची आशा सोडा. आकडा ३ ने घसरला म्हणजे ताकद निम्मी आणि १० ने घसरला म्हणजे दहावा हिस्सा, त्यामुळे राउटर दोन फूट सरकवून ६ चा फरक पडला तर तो किरकोळ समजू नका.

आणि शेवटचं, बँड. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर बोलतो. २.४ लांब जातो, भिंती पार करतो पण सावकाश आणि आजूबाजूच्या सगळ्यांची त्यावर गर्दी. ५ वेगवान, मोकळा, पण भिंत आली की दमतो. दोन्हीचं नाव एकच ठेवलेलं असतं आणि टीव्ही बऱ्याचदा जाऊन २.४ लाच चिकटून बसतो. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगवेगळी नावं द्या आणि टीव्हीवर दोन्ही लावून बघा. मधे दोन जाड भिंती असतील तर २.४ सुद्धा जिंकू शकतो, ५ म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका.

एवढं करून बघा, मग मुलाला सांगा प्लॅनचं बघू म्हणून.

प्रश्न : आमचं स्ट्रीमिंग अजिबात अडकत नाही, पण शेजारचे आमच्याआधी ओरडतात! वायफाय फास्ट केलं तर हे थांबेल का?

नाही थांबणार. ते उशीर होणं वायफायमुळे नाहीये. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र दाबून लहान करायचं, त्याचे तुकडे पाडायचे, सर्व्हरवर पसरवायचे आणि मग तुमचं अॅप दोन-तीन तुकडे हाताशी धरून सुरू होणार, यात ३०-४० सेकंद सहज जातात. शेजारी डिशवर बघत असेल तर तो पुढेच असणार. मध्ये कधी पॉज केलं असेल तर लाइव्हवर जाण्याचं बटण असतं ते दाबा, तेवढं अंतर भरून निघतं. काही अॅपमध्ये उशीर कमी करायची सोय असते पण ती लावली की हाताशी ठेवलेली शिल्लक पण कमी होते, म्हणजे वायफाय जरा हललं की चकरी. मी तर म्हणते उशीर परवडला. फक्त मॅच संपेपर्यंत ग्रुपचे मेसेज बंद ठेवा.

प्रश्न : टीव्हीच्या शेजारीच वायफाय एक्स्टेंडर लावला. टीव्हीवर आता फुल काड्या दिसतात, पण लाइव्ह आधीपेक्षा जास्त अडकतं. डबा खराब आहे का?

डबा बिचारा ठीक असेल, जागा चुकली. त्या फुल काड्या एक्स्टेंडर आणि टीव्ही यांच्यामधल्या आहेत, दोघं एकमेकांना चिकटून बसलेत म्हटल्यावर फुलच असणार. पण एक्स्टेंडरला स्वतःला राउटरकडून काय मिळतंय? जिथे सिग्नल मरतो तिथेच तुम्ही त्याला बसवलंत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्याला राउटर आणि टीव्हीच्या अर्ध्या वाटेवर लावा, जिथे राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे.

दुसरं असं की साधा स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, एकाच वेळी दोन्ही जमत नाही, म्हणून वेग तिथेच साधारण निम्मा होतो. ज्या मेश सिस्टीममध्ये (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय पसरवतात ती) डब्याडब्यांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा बँड असतो तिथे हा त्रास बराच कमी. पण मेशच्या जाहिराती बघून लगेच भुलू नका, मेशचा डबा पण चुकीच्या जागी ठेवला तर तेच होणार.

मला विचाराल तर घरात पडलेला जुना राउटर काढा. त्याच्यात अॅक्सेस पॉइंट मोड (केबलने आलेलं नेट फक्त वायफायवर वाटायचं काम) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करा (हे विसरलात तर घरभर इंटरनेट गंडेल), आणि मुख्य राउटरच्या लॅन पोर्टपासून याच्या लॅन पोर्टपर्यंत केबल जोडा, वॅनमध्ये (बाहेरून येणारी इंटरनेटची वायर लागते त्या पोर्टमध्ये) नाही. झाला अॅक्सेस पॉइंट, वेग निम्मा वगैरे काही होत नाही कारण मधला रस्ता केबलचा आहे. केबल टाकणं शक्यच नसेल तर विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मिळतात, ते थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे, एक्स्टेंशन बोर्डमध्ये लावले की कामातून गेले. चालले तर छान चालतात, नाही तर नाही, सगळं त्या घराच्या वायरिंगवर आहे, म्हणून परत करता येतील असेच घ्या.

प्रश्न : दिवसभर ठीक असतं. संध्याकाळी सगळे घरी आले की लाइव्ह बातम्या अडकायला लागतात. स्पीड टेस्ट केली तर ८०-९० दाखवते! मग अडकतं कसं?

स्पीड टेस्टमधला तो मोठा आकडा डाऊनलोडचा असतो आणि सगळे तोच बघतात. तुमची गडबड मला अपलोडची वाटते.

बघा, सगळे घरी आले, फोन वायफायवर आले, चार्जिंगला लागले, आणि बऱ्याच फोनमध्ये फोटो-व्हिडिओचं बॅकअप नेमकं याच अटींवर सुरू होतं, वायफाय आणि चार्जिंग. तीन फोन एकदम दिवसभराचे व्हिडिओ वर ढकलायला लागतात. शिवाय कॅमेरे लावले असतील तर त्यांचं रेकॉर्डिंग पण वर जातंय. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड कमी असतो, तो तुंबतो. आता तुम्ही म्हणाल टीव्ही तर फक्त खाली ओढतोय, त्याला काय? तर प्रत्येक तुकडा मागायला टीव्हीला पण छोटी विनंती वर पाठवावी लागते, मिळालं म्हणून पोच द्यावी लागते, आणि ती विनंती त्या व्हिडिओंच्या रांगेत मागे उभी राहते. राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये रांग लांबलचक होऊ देतात त्यामुळे होणाऱ्या या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस नावाच्या प्रोग्रामरला हे स्वतःच्या घरी अनुभवायला आलं आणि २०१०-११ च्या सुमारास त्याने यावर आरडाओरडा सुरू केला.

खात्री कशी करायची? बाहेरच्या एखाद्या साइटला पिंग लावा, २० येत असेल समजा. आता फोनवरून एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. पिंग २० वरून ५०० वर उडाला तर हेच ते.

उपाय फुकटचा आहे, बॅकअपची वेळ झोपायच्या नंतरची करा किंवा मॅचपुरतं थांबवा. कायमचा उपाय राउटरमध्ये, क्यूओएस किंवा एसक्यूएम अशी, म्हणजे कुणाचा डेटा आधी जाणार ते ठरवणारी, सेटिंग असेल तर चालू करा आणि तिथे अपलोड-डाऊनलोडची मर्यादा खऱ्या मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के टाका. आपणहून वेग कमी करायचा हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो टीव्हीच्या छोट्या विनंत्यांना पुढे काढतो.

हे सगळं करूनही संध्याकाळीच त्रास, आणि केबलवर पण वेग पडलेला, असं असेल तर मात्र कंपनीच्या बाजूला गर्दी आहे. चार-पाच दिवस तारीख, वेळ, केबलवरचा वेग असं लिहून ठेवा आणि मग फोन करा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राउटर बंद करून चालू करा सांगतात, आकडे वाचून दाखवले की निदान तक्रार पुढे तरी जाते.

प्रश्न : टीव्हीच्या मागे स्ट्रीमिंगची स्टिक लावलीये. लाइव्ह चालू असताना ती आपोआप रीस्टार्ट होते, नाहीतर वायफाय सोडते. राउटर तर त्याच खोलीत आहे.

पॉवर कुठून देताय, टीव्हीच्या यूएसबीतून ना? साधा यूएसबी २ चा पोर्ट अर्धा अँपिअर द्यायला बांधील असतो, बऱ्याच स्टिकना त्याच्या दुप्पट लागतो. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. आणि स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीला चिकटून गरम होत बसलेली असते, वायफायला आडोसा तो वेगळाच. बऱ्याच स्टिकबरोबर एक वीतभर एचडीएमआयची जोडवायर येते, लोक ती खोक्यातच ठेवतात. ती लावा आणि स्टिक कडेला बाहेर लोंबकळू द्या. दिसायला घाण दिसतं, चालतं चांगलं.

प्रश्न : मायक्रोवेव्ह लावला की टीव्ही अडकतो. भास आहे का?

भास नाही. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि थोडी गळती होतेच, माणसाला अपाय नाही पण २.४ च्या वायफायला पुरेशी. टीव्ही ५ वर टाका, विषय संपला. तेच शक्य नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल (टीव्हीचा नव्हे, वायफायची मार्गिका) १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या, मधले घेऊ नका, ते दोन्हीकडच्यांवर चढतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केली की आणखी शेजारी अंगावर घेतलेत.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झवर टीव्ही सुंदर चालतो, पण दिवसातून एक-दोनदा वायफायच गायब होतं, मिनिटभराने आपोआप येतं. नेमकं लाइव्ह चालू असताना झालं की जीव जातो.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं कारण सहसा कुणी सांगत नाही. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल वायफायला रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात, हवामानाचे रडार वगैरे. बऱ्याच देशांत नियमच आहे की राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याने चॅनल ताबडतोब सोडायचा, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान मिनिटभर गप्प बसून ऐकायचं. ते तुमचं गायब झालेलं मिनिट हेच असावं. कधी कधी रडार नसतोच, राउटरला वाटतं फक्त! चॅनल ऑटोवरून काढा आणि ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एकावर पक्का करा, रुंदी जास्तीत जास्त ८० ठेवा कारण १६० केलीत तर तो परत ५२ च्या पुढे पसरतो.

प्रश्न : परवा सगळं तपासलं, केबल लावली, पिंग सरळ, दुसऱ्या अॅपवर सगळं चालतंय, तरी ती एकच मॅच अडकत होती. आता काय?

आता काही नाही. गडबड तिकडे आहे. १५ नोव्हेंबर २०२४ ला माइक टायसन आणि जेक पॉल यांची बॉक्सिंगची लढत नेटफ्लिक्सने लाइव्ह दाखवली तेव्हा कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम चालू होते, आणि कित्येकांना धूसर चित्र आणि चकरी बघायला लागली. त्या रात्री राउटर बंद-चालू करणाऱ्यांच्या हाती काय लागलं असेल! अशा वेळी चित्राची क्वालिटी हाताने ७२० वर आणून बघा, कधी कधी तेवढ्याने निभावतं. राउटरच्या सेटिंगला मात्र हात लावू नका, चांगलं चाललेलं बिघडवून बसाल.

प्रश्न : टीव्हीला लॅन केबल लावली तर टीव्ही १०० एमबीपीएसच दाखवतो, वायफायवर १८० येतात. मग केबल काढू?

राहू द्या. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो, केबलचा दोष नाही. तुम्हाला लागतात २५, आणि ते १०० दर सेकंदाला १०० च राहतात. पण लॅपटॉप लावल्यावरही तीच केबल १०० वर अडकत असेल तर मात्र आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलीये, केबल बदला, आणि दाराच्या फटीतून नेली असेल तर आधी तिथेच बघा.